चार पूर्णांक दोन

तन्मयनं पुण्यात बसून खोली घेतली, फोनवरून.
'मावशी, चार पूर्णांक दोन आहे,' म्हणाला,
'आणि एम.वाय. हॉस्पिटल चालत सात मिनिटं.'
पैकी किती, ते मी विचारलं.
खांडव्याच्या शाळेत बत्तीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेत,
पैकीशिवाय मला आकडा दिसतच नाही.

सरवटे स्टँडच्या मागे, दुसऱ्या गल्लीत, हॉटेल शुभ पॅलेस.
फोटोत खिडकीबाहेर गुलमोहर होता.
उघडली तर हातभर अंतरावर
दुसऱ्या हॉटेलची खिडकी
आणि तिच्यात वाळत घातलेला कुणाचा तरी लेंगा.
त्या हॉटेलालाही चार असतील.

गादी ठीक. नळ ठीक, म्हणजे बंद केला तरी चालू.
रात्री तीनला हॉस्पिटलातून परतले की
काउंटरमागं झोपलेला कैलाश उठायचा,
न मागता अर्धा कप चहा पुढं ठेवायचा
आणि काही विचारायचा नाही.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
रकाने चारच: स्वच्छता, ठिकाण, पैशाचं मोल, वाय-फाय.

नलूताईचं जे व्हायचं होतं ते चौथ्या रात्री झालं.
तन्मयची बस तेव्हा धुळ्याच्या अलीकडं होती.
मी खोलीवर आले, कडी लावली.
पुढचं नीट आठवत नाही.
पहाटे कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली,
आणि खाली पाहिलं तर गल्ली अशी लख्ख
की इथं कुणाचं काही झालंच नसावं.

निघताना कैलाशनं बॅग रिक्षापर्यंत आणली.
'मॅडम, फाइव्ह स्टार दे देना.
मेरा नाम भी डाल देना, पचास मिलते हैं.'
हो म्हटलं.
आठवलं ते तेराव्यानंतर.

चष्मा पुसून बसले. तीनशे अठरा अभिप्राय.
हातात लाल पेन नव्हतं, एवढंच.
एकाच तारखेला अकरा जणांना खोली 'स्वछ' वाटली होती.
स्वछ. अकराही जणांचा च
एकाच जागी सांडलेला.
कॉपी चुकीवरूनच पकडायची असते,
बरोबर उत्तरं काय, सगळ्यांची सारखीच.
एकानं पोह्यांना पाच दिले होते,
ते हॉटेलात मिळतच नाहीत,
कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळतात, वर जीरावण भुरभुरून.
एकीनं एक दिला, कारण तिची गाडी चुकली.
आणि खाली मालकाचं सगळ्यांना एकच उत्तर,
शिव्या देणाऱ्यालाही:
पुन्हा सेवेची संधी द्या.

मग हा सापडला. दोन तारे. नावाच्या जागी नुसतं ए. आर.

'खोली २०३. भिंती फार पातळ.
शेजारी रात्रभर एक बाई रडत होती.
काउंटरवर तक्रार केली तर पोरगा म्हणतो,
रोने दो साहब.
झोप झाली नाही.'

तारीख पाहिली. पाहायची गरज नव्हती.

मला वाटत होतं, मी उशीत तोंड खुपसून रडले.

तीनशे अठरांतला हा एक पेपर
ज्याचा त्यानं लिहिलेला.
एक शब्द जास्त नाही. भिंतीची जाडी बरोबर.
आणि त्यात, लिहिणाऱ्याच्या नकळत,
कैलाशचं नाव न घेता
कैलाशबद्दल सगळं.

खाली विचारलं होतं: हा अभिप्राय उपयुक्त वाटला का?
'हो' दाबलं.
लगेच उमटलं: एका व्यक्तीला उपयुक्त वाटला.

मग खोलीला पाच दिले.
तिची लायकी अडीचची, तीही नळ धरून.
बत्तीस वर्षांत कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता,
विचारा खांडव्यात.
लिहिलं: खोली २०४. कैलाश. चहा.
पाठवलं, आणि सवयीनं वर जाऊन बेरीज बघितली.

चार पूर्णांक दोन.
हललं नव्हतं.